वाऱ्याकडे पाठ केलेले बॉनेट

बाजाराच्या दिवशी दुपारी लॉरी आली. अब्बासभाई चालवत होते. योहानदादा त्यांच्या शेजारच्या जागेवर होता. तो वाटेतच गेला होता.

माझे घर नगरच्या पूर्वेला, पाथर्डीच्या रस्त्याला लागून आहे. शाळेने दिलेल्या दोन खोल्या, पुढे मेंदीचे कुंपण, मागे थोडे परस. तिसगावच्या बाजाराहून धान्य भरून येणारी प्रत्येक लॉरी माझ्या खिडकीसमोरून जाते. माझ्या थोरल्या भावाची, योहानदादाची, लॉरी आली की कुंपणापाशी हॉर्न वाजे. मी खिडकीत जाई, तो स्टिअरिंगवरचा हात जरासा उचली आणि पुढे निघून जाई. बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यापासून त्या हॉर्नपर्यंत माझे कशात लक्ष नसे. त्या दिवशीही मी मुलींचे निबंध पुढे घेऊन बसले होते आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत होते. लॉरीचा आवाज लांबून ओळखू आला. रोजच्यासारखा होता. माझ्या छातीवरचे ओझे उतरले, आणि मी खिडकीत गेले. टप जागेवर होता, पोती जागेवर होती, कुठे धूर नव्हता, कुठे काळे पडलेले नव्हते. करंजीचा घाट पार झाला, असे मी मनाशी म्हणाले. मग हॉर्न वाजला नाही हे ध्यानात आले... आणि चालवणाऱ्याच्या बाजूने दादाचे भागीदार अब्बासभाई खाली उतरले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. मी काय विचारणार हे त्यांना ठाऊक होते, म्हणून त्यांनी आधी तेच सांगितले.

"बाई, लॉरीला काय झालं न्हाई."

इतकी वर्षे मला वाटत होते की दादा गेलाच तर आगीत जाईल. त्या भीतीची मला इतकी सवय झाली होती की दुसरे काही होऊ शकते हे मी विसरूनच गेले होते.

आमचे गाव तिसगावपासून जवळच. वडील लवकर गेले. मला मिशनच्या बोर्डिंगात घातले, पण दादा शाळेत रमला नाही. तो नगरला येऊन लोहाराच्या हाताखाली राहिला, पुढे फिटर झाला, आणि लढाईच्या काळात लष्कराच्या वर्कशॉपात लागला. सुटीच्या दिवशी बोर्डिंगच्या फाटकाशी येऊन उभा राही. त्याच्या कपड्यांना पेट्रोलचा वास येई, तळहातावर भाजल्याचे डाग असत. "सुशे, काय वाचतीस?" असे विचारी, आणि मी सांगू लागले की शेवटपर्यंत ऐकून घेई. मग म्हणे, "बरं हाय तुजं. पुस्तकात हात भाजत न्हाई." मी अजूनही नवे पुस्तक उघडले की आधी त्याचा वास घेते. का, ते मला सांगता येणार नाही.

लढाई संपली तेव्हा लष्कराच्या जुन्या लॉऱ्या लिलावात निघाल्या. दादाने आणि वर्कशॉपातल्या अब्बासभाईंनी भागीत एक घेतली. ठोकळ्यासारख्या तोंडाची, मळकट हिरवी. अब्बासभाई म्हणत, ही थंड मुलखात जन्मलेली बया आहे, हिला आपले ऊन सोसायचे नाही. ते खरेच होते. तिचे बॉनेट म्हणजे इंजिनावरचे पेटीसारखे चहूकडून बंद पत्र्याचे झाकण. पावसाळ्यात आणि थंडीत ती मुकाट चाले. पण फाल्गुन लागला, तिसगावहून पोती भरून करंजीचा घाट चढायची वेळ आली, की आतली उष्णता आतच कोंडे. आधी रेडिएटरचे पाणी उकळे. मग पेट्रोलची नळी इतकी तापे की आतल्या पेट्रोलचीच वाफ होई, आणि इंजिन खोकून चढावरच बंद पडे. त्यावर सगळ्या लॉरीवाल्यांचा एकच उपाय होता. पेट्रोलच्या पंपाला ओले फडके गुंडाळायचे, बॉनेटच्या बाजू उघडून दोरीने बांधायच्या, आणि देवाचे नाव घ्यायचे. फडके वाळले की थांबायचे, पुन्हा ओले करायचे.

याच उपायात एक लॉरी जळाली. दादाची नव्हे, पलीकडच्या गावच्या कुणाची. दोरी सुटली की फडके सरकले, कुणाला नक्की कळले नाही. तिच्यातला माणूस वाचला नाही. लॉरीचा सांगाडा लोकांनी ढकलून घाटातल्या वळणावर कडेला केला, आणि तो तिथेच राहिला. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला तो दिसे. मी तो पहिल्यांदा पाहिला तो उतारूंच्या सर्व्हिस मोटारीच्या खिडकीतून. चालवणाऱ्याच्या जागी नुसत्या स्प्रिंगा उरल्या होत्या. त्या दिवसापासून माझी भीती सुरू झाली. मी दादाला म्हणाले, लॉरी विकून टाक. तो हसला नाही. म्हणाला, "बगतो काय करता येतं."

त्याने जे केले ते असे. मूळचे बॉनेट उतरवून ठेवले आणि तेलाच्या पिंपाचा पत्रा सपाट करून नवे घडवायला घेतले. वहिनीच्या अंगणात पंधरवडाभर ठोकाठोक चालली होती. वहिनी, आमची मार्था, म्हणे की भाकरी थापायला घेतली तरी हात हातोड्याच्या तालावर पडतो. त्या पत्र्याला त्याने आडव्या फटी पाडल्या, आणि प्रत्येक फटीची कड उचलून तिला ओठासारखा आकार दिला. सगळ्या फटींची तोंडे पुढे होती, रस्त्याकडे. लॉरी पळेल तसा समोरचा वारा फटींतून आत शिरेल आणि इंजिन थंड ठेवील, असा त्याचा हिशेब. अब्बासभाई खूष झाले. "मिस्त्री, हिला तर पंखा लावला तुमी!" मलाही ते पटले. तापलेल्या खोलीत वारा घ्यायचा तर खिडकी वाऱ्याच्या बाजूची उघडायची, यात न पटण्यासारखे काय होते?

उन्हाळ्याच्या सुटीत मी आईकडे गेले होते. परतताना दादा म्हणाला, सर्व्हिस मोटारीची वाट कशाला बघतेस, माझ्याबरोबर चल, नवे बॉनेट बघ कसे काम देते. मी निघाले. दादा आणि अब्बासभाई यांच्या मध्ये मी बसले, पायांत कापडी बूट, मांडीवर पुस्तकांची पिशवी. पोती भरलेली होती. पश्चिमेचा वारा तोंडावर येत होता. करंजी मागे पडली आणि चढ लागला तेव्हा आधी मला पायांना ऊब जाणवली. मला वाटले, उन्हामुळे असेल. थोड्या वेळाने पायांखालची फळी तव्यासारखी झाली. मी पिशवी खाली ठेवली आणि पाय उचलून तिच्यावर घेतले. इंजिनाच्या बाजूच्या पत्र्याच्या सांध्यांतून गरम वाफारा आमच्या अंगावर येऊ लागला, आणि त्याला पेट्रोलचा वास होता. अब्बासभाई एरवी घाटात बोलत राहत. आता ते दारातून वाकून बॉनेटकडे बघत होते. मी दादाकडे पाहिले. त्याच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसत नव्हता. दोन्ही हातांनी चाक धरले होते.

"दादा, थांब," मी म्हणाले.

"हितं न्हाई थांबता यायचं. मागं घसरंल. वळणावर थांबतो."

वळण म्हणजे ते वळण. काळा सांगाडा समोर दिसू लागला होता. लॉरी एखाद्या दमलेल्या जनावरासारखी श्वास घेत होती, पुढच्या चढाला तिचा श्वास अडकत होता. बॉनेटवरचा नवा रंग माझ्या डोळ्यांदेखत फुगला, त्याचे फोड झाले आणि वाऱ्याने ते उडू लागले. माझ्या बुटाची रबरी तळी मऊ होऊन पिशवीला चिकटली. मला प्रार्थना आठवेना. मी शिकवणारी बाई, रोज सकाळी मुलींकडून प्रार्थना म्हणवून घेते. त्या वेळी एक शब्द सुचला नाही. मी फक्त त्या स्प्रिंगांकडे पाहत होते.

सांगाड्याशी पोचता पोचता इंजिन बंद पडले. अब्बासभाई उडी मारून खाली, चाकामागे दगड. दादाने मला जवळजवळ ढकलूनच उतरवले. "लांब जा. त्या खडकाच्या पल्याड. जा म्हंतो ना!" त्याने माझ्यावर आवाज चढवलेला मी तेवढाच ऐकला. त्याने ओले पोते हाताला गुंडाळून बॉनेट उचलले, तेव्हा आतून हवा अशी उसळली की खडकामागे मला ती लागली. पेट्रोलची नळी एका सांध्यातून पाझरत होती. ठिणगी पडली नव्हती, एवढेच. दोघे इंजिनाकडे पाहत उभे राहिले. मग अब्बासभाई म्हणाले, "मिस्त्री, पंखा न्हाई ह्यो. भाता हाय. आपुन भट्टीला भाता लावलाय."

इंजिन निवायला पुष्कळ वेळ गेला. पुढे चढायची कुणाचीच छाती झाली नाही. सांधा आवळून, लॉरी वळवून, उताराने हळूहळू आम्ही पुन्हा आईच्या दारात आलो. उन्हे कलली होती. आई दारात तांदूळ निवडत होती. आमचे चेहरे पाहून तिला काय कळले कोण जाणे. तिने आधी पाणी दिले. मग दादाला म्हणाली, "आलाच हाईस माघारी, तर वर चढून गाडगं फिरीव. वारा बदललाय, सकाळधरनं घरात धूर हाय."

आमच्याकडची घरे धाब्याची, मातीच्या सपाट छपराची. चुलीचा धूर जायला छपरात एक भोक ठेवतात, त्याला आम्ही सवणे म्हणतो. पाऊस, कचरा आत येऊ नये म्हणून त्यावर एका अंगाने तोंड पाडलेले गाडगे पालथे ठेवायचे. वारा बदलला की घरातले कुणीतरी वर चढून त्या गाडग्याचे तोंड वाऱ्याच्या उलट बाजूला करते. आमच्या घरी हे काम लहानपणापासून दादाकडे होते. तो शिडीने वर गेला. गाडगे फिरवायला कितीसा वेळ लागतो? पण तो खाली येईना. मी अंगणातून पाहिले, तर तो गाडग्यापाशी उकिडवा बसून होता. गाडग्याचे तोंड वाऱ्याकडे करी, मग उलट बाजूला करी, आणि सवण्यातून वर येणाऱ्या धुराकडे बघे.

"आरं, काय खेळतुयास?" आई आतून खोकत ओरडली. "धूर समदा घरात आला की!"

"आई, तोंड वाऱ्याकडं केलं की आसंच हुतं का?"

"न्हाई तर काय? वारा आत घुसला की धुरानं जायचं कुटनं? लहान हाईस व्हय रं तू?"

दादा वरून हसला. मोठ्याने, पोट धरून. ते हसणे ऐकून मला रडू आले. त्याने गाडगे नीट पूर्वेला तोंड करून ठेवले. वारा गाडग्याच्या पाठीवरून जाऊ लागला आणि त्याच्या मागे धूर ओढला जाऊ लागला, दोरा ओढावा तसा. खाली आल्यावर तो अब्बासभाईंना म्हणाला, "वारा घ्यायचा नव्हता, भाई. गरमी घालवायची हुती. वारा तर पुढच्या जाळीतनं येतोच. आपुन त्याची जायची वाटच बुजीवली."

दुसरे बॉनेटही त्याने वहिनीच्याच अंगणात घडवले. फटी तशाच, पण सगळ्यांची तोंडे मागे, चालवणाऱ्याकडे. समोरून पाहिले तर फटी दिसतच नसत. नुसते पत्र्याचे उंचवटे. बॉनेटची मागची कडही बोटभर उचललेली. अब्बासभाई म्हणाले, बयेला माशासारखे कल्ले फुटले. ते बॉनेट पहिल्यांदा घाटात गेले तेव्हा मला बरोबर न्यायला दादा आला होता. मी गेले नाही. दिवसभर खिडकीपाशी उभी राहिले. मार्थावहिनी माझ्याकडेच येऊन बसली होती. हॉर्न वाजला तेव्हा तिने डोळे मिटले. दादा खाली उतरला, त्याने बॉनेटवर तळहात ठेवला, आपण लेकराच्या कपाळावर ठेवतो तसा. मग माझा हात ओढून तिथे ठेवला. पत्रा गरम होता, पण हात ठेवण्याजोगा.

"बग. ताप उतरला."

पुढे त्याच्याकडे इतर लॉरीवाले येऊ लागले. ऊस वाहणारे श्रीगोंद्याकडचे, एकदा तर राजूरकडच्या डोंगरातला कुणी आला. दादा सगळ्यांना आधी आईच्या गाडग्याची गोष्ट सांगे आणि मगच पत्र्याला हात घाली. काही लोक त्या बॉनेटला 'गाडगं'च म्हणू लागले. ते ऐकून आई लाजे, पण कुणी पाहुणा आला की छपराकडे बोट दाखवायला विसरत नसे.

माझी भीती मात्र गेली नाही. कोणी म्हणेल, बॉनेट बरे झाले, मग भ्यायचे कशाला? मलाही ते कळत होते. पण बाजाराचा दिवस आला की मला पायांखालची ती फळी जाणवे. शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता मी तळवे उचलून बघे. पहिले, चुकलेले बॉनेट दादाने माझ्या परसात आणून टाकले होते, सरपण झाकायला. त्याची तोंडे पश्चिमेकडे होती. उन्हाळी वारा सुटला की त्या फटी वाजत. आधी शिट्टीसारखा बारीक आवाज, मग वारा वाढला की कुणी लांबून हाका मारत असावे तसा. मला ते ऐकवत नसे. मी दादाला म्हणाले, निदान ते फिरवून तरी ठेव. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. चुकलंय म्हनून बोंबलतंय ते. ऐकू येऊ दे मला."

एकदा मी त्याला चिडून म्हणाले होते, तुला भीती कशी ती माहीतच नाही. तो चहा पीत होता. बशी खाली ठेवली.

"कोन म्हनलं? त्या वळणावर म्या रोज भेतो. तिकडं बगायचं न्हाई म्हंतो आन् बगतोच." त्याने बशी पुन्हा उचलली. "भ्यालो नसतो तर म्या बॉनेटाला हात कशाला लावला आसता, सुशे? फडकंच गुंडाळत बसलो आस्तो."

तेव्हापासून आम्ही भीतीवरून एकमेकांना टोचायचे बंद केले. तो हॉर्न वाजवी, मी खिडकीत जाई. त्या हॉर्नचा अर्थ आम्हा दोघांनाच ठाऊक होता.

शेवटच्या दिवसाचे अब्बासभाईंनी सांगितले ते असे. ऊन फार होते, पण लॉरी कुठे अडली नाही. सांगाड्याचे वळण गेले. घाट संपून सपाटी लागली तेव्हा दादा म्हणाला, जरा थांबतो. झाडाच्या सावलीला लॉरी उभी केली, उतरला, पुढे गेला. नेहमीसारखा बॉनेटवर हात ठेवला. "थंड हाय," म्हणाला. मग बंपरला टेकून खाली बसला. अब्बासभाईंना वाटले, विडी ओढतोय. हाक मारली तरी हलेना, तेव्हा त्यांनी त्याला उचलून शेजारच्या जागेवर ठेवले. डॉक्टरांनी हृदय थांबल्याचे सांगितले. मी त्यांना विचारले, उष्णतेने का? इंजिनापाशी इतकी वर्षे बसल्याने का? ते म्हणाले, तसे सांगता येत नाही. मी पुन्हा विचारले. ते पुन्हा तेच म्हणाले.

लॉरी काही दिवस वहिनीच्या अंगणात उभी राहिली. प्रार्थनेला आलेले लोक तिच्याकडे पाठ करून बसत. मी वहिनीला म्हणाले, आता ही विकून टाकू. मला वाटले ती लगेच हो म्हणेल. ती उठली, लॉरीपाशी गेली आणि त्या उचललेल्या फटींवर साचलेली धूळ पदराने पुसू लागली.

"ह्याच्याखाली तुमचा भाऊ जळाला न्हाई, वन्सं," ती म्हणाली. "ज्याच्या लॉरीला हे न्हाई त्याच्यासाटी भ्या. हिला चालू द्या."

लॉरी विकली नाही. अब्बासभाई आता एकटेच लॉरी चालवतात. पहिल्या खेपेला ते माझ्या कुंपणापाशी थांबले, पण हॉर्न वाजवायला त्यांचा हात धजला नाही. खाली उतरले, बॉनेटवर तळहात ठेवला आणि खिडकीकडे बघून मान हलवली. मीही हलवली. तेव्हापासून तसेच चालले आहे.

गेल्या आठवड्यात पश्चिमेचा वारा सुटला. परसातल्या फटी वाजू लागल्या. आता तो आवाज ऐकायला कुणी येणार नव्हते... मी मागे गेले. पत्रा जड होता, आणि कडा धारदार. एक बाजू धरून, ओढून, थांबून, पुन्हा ओढून मी तो फिरवला. वारा त्याच्या पाठीवरून जाऊ लागला आणि आवाज थांबला. परसात इतके शांत वाटले की मला पुन्हा भीती वाटली.

पहिले बॉनेट माझ्या परसात सरपणावर आहे. त्याची तोंडे आता पूर्वेला आहेत. दुसरे लॉरीवर आहे. आज बाजार आहे. लॉरी तिसगावला गेली आहे, आणि अजून आलेली नाही.